बॅटरी कोकणात येऊ दे, पण इथली ओल आणि खारा वारा हिशोबात धरून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वीजजाळ्याला जोडायच्या मोठ्या बॅटऱ्यांविषयी कोकणात दोन टोकांची मते ऐकू येतात. ‘गावाच्या उशाला बॉम्ब आणून ठेवणार’ असे एक म्हणतो, तर ‘ही नवी बॅटरी पेटतच नाही’ असे दुसरा छातीठोकपणे सांगतो. दोन्ही विधाने चुकीची आहेत, आणि त्यांच्या गोंगाटात जे प्रश्न खरोखर विचारायला हवेत ते राहून जातात. कोकणाला ही साठवणूक हवी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण राजस्थानातल्या कोरड्या माळासाठी लिहिलेली निविदा जशीच्या तशी रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे इथल्या उघड्या कातळ पठारावर लावली, तर अडचणी पहिल्याच पावसाळ्यात सुरू होतील.

साठवणूक हवी कशासाठी, ते आधी थोडक्यात सांगतो. सौर वीज भर दुपारी सर्वांत जास्त मिळते आणि दिवेलागणीला शून्यावर येते. घराघरांतली मागणी त्याच वेळी चढू लागते. कोळशाचा थंड पडलेला संच पुन्हा पूर्ण क्षमतेला यायला कित्येक तास घेतो. कोयनेचे संच काही मिनिटांत सुरू होतात, पण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणी तंटा लवादाची वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे, म्हणून कोयनेच्या पोफळी वीजगृहातली वीज जपूनच वापरावी लागते. भिऱ्याचा १५० मेगावॉटचा आणि घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प हीसुद्धा साठवणूकच आहे. पाणी वर चढवायचे, हवे तेव्हा खाली सोडायचे. सहा-आठ तासांच्या साठवणुकीला उदंचन आजही चांगले. बॅटरीचे बळ दोन ते चार तासांच्या गरजेत आणि चपळाईत आहे. शंभर युनिटे आत घातली तर साधारण पंच्याऐंशी परत मिळतात, हे नुकसान गृहीत धरूनच हिशोब करायचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सल्ला दिला आहे की नव्या सौर निविदांमध्ये सौर क्षमतेच्या किमान १० टक्के इतकी, दोन तासांची साठवणूक सोबत मागावी. तेव्हा बॅटऱ्या येणार की नाही, हा वाद आता फारसा उरलेला नाही.

चपळाई म्हणजे काय, याचे एक नोंदलेले उदाहरण देतो. आपल्या जाळ्याची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ असते आणि ती ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायची असते. एखादा मोठा संच अचानक बंद पडला की ती घसरते. ऑस्ट्रेलियात १४ डिसेंबर २०१७ रोजी लॉय यांग केंद्रातला ५६० मेगावॉटचा संच बंद पडला आणि तिथली फ्रिक्वेन्सी ४९.८० पर्यंत उतरली. सुमारे १००० किलोमीटर दूर असलेल्या हॉर्न्सडेलच्या बॅटरीने सेकंदाच्या अंशात वीज ओतायला सुरुवात केली. ओतलेली वीज सात मेगावॉटच्या थोडी वर, म्हणजे तशी किरकोळच होती. पण फिरत्या संचाला आपले उत्पादन वाढवायला याहून जास्त वेळ लागतो. हे काम बॅटरीच करू शकते.

आता धोक्याकडे वळू. आज येणाऱ्या बहुतेक कंटेनरांत लिथियम आयर्न फॉस्फेटचे, म्हणजे एलएफपी सेल असतात. ३.२ व्होल्ट आणि ३१४ अँपिअर-तासांचा एक सेल घेतला तर त्यात जवळपास एक युनिट वीज मावते. वजन साडेपाच किलोच्या आसपास, आकार जाडजूड पुस्तकाएवढा. असे ४१६ सेल एकापुढे एक जोडले की १३३० व्होल्टचा रॅक होतो, आणि असे बारा रॅक वीस फुटी कंटेनरात बसतात. एका कंटेनरात पाच मेगावॉट-तास, म्हणजे पाच हजार युनिटे आणि तेवढेच सेल. वजन चाळीस टनांच्या वर. यातला एक सेल आतून बिघडला किंवा बाहेरून तापला की त्याच्या आतले पडदे वितळतात, आतल्या आत शॉर्ट होतो आणि सेल स्वतःच स्वतःला तापवत जातो. एका टप्प्यानंतर ही साखळी बाहेरून थांबवता येत नाही. शेजारचा सेल तापला की तो त्याच वाटेने जातो.

एलएफपी सेल जुन्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट सेलपेक्षा उशिरा बिघडतो आणि कमी उष्णता सोडतो, हे खरे. पण बिघडला की तो वायू सोडतो, आणि त्या वायूत हायड्रोजनचा वाटा मोठा असतो. हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की ठिणगी पुरते. ज्योत दिसत नाही म्हणून धोका टळला असे मानणे एलएफपीच्या बाबतीत सर्वांत घातक. बीजिंगमध्ये १६ एप्रिल २०२१ रोजी एलएफपी बॅटरीच्याच केंद्रात स्फोट होऊन दोन अग्निशमन जवान दगावले. आग एका इमारतीत होती, स्फोट दुसऱ्या इमारतीत झाला. दोन्हींना जोडणाऱ्या केबलच्या भुयारी चरातून वायू पलीकडे गेला होता.

ॲरिझोनातल्या सरप्राइज शहरी १९ एप्रिल २०१९ रोजी फक्त दोन मेगावॉट-तासांच्या बॅटरीघरात काय घडले, तेही आपल्याकडच्या प्रत्येक अग्निशमन अधिकाऱ्याला माहीत असायला हवे. आग विझवणारा वायू ठरल्याप्रमाणे सुटला. ज्वाळा दबल्या, पण सेल तापत राहिले आणि ज्वलनशील वायू कोंडत गेला. सुमारे तीन तासांनी जवानांनी दार उघडले, बाहेरची हवा आत शिरली आणि स्फोट झाला. जवान गंभीर जखमी झाले. कंटेनरात विझवण्याचा वायू बसवला आहे, एवढ्यावर जी निविदा समाधानी आहे ती या अपघातापासून काही शिकलेली नाही. आत हायड्रोजन ओळखणारे सेन्सर हवेत, त्यांच्या इशाऱ्यावर चालू होणारे पंखे हवेत, हे पंखे वायूचे प्रमाण स्फोटमर्यादेच्या चतुर्थांशाखाली ठेवू शकतील एवढे ताकदवान हवेत, आणि सगळे फसलेच तर दाब वरच्या दिशेने मोकळा करणारे छताचे झाकण हवे. आतल्या वायूचा आकडा कुंपणाबाहेर उभे राहून वाचता आला पाहिजे. तो दिसत नसेल तर बंब घेऊन आलेल्या माणसाला अंदाजाने निर्णय घ्यावा लागतो.

कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगला १६ जानेवारी २०२५ रोजी लागलेली आग सगळ्यांनी चित्रफितीत पाहिली आहे. ती ३०० मेगावॉटची बॅटरी जुन्या वीज केंद्राच्या टर्बाइनघरात, एकाच छताखाली रचलेली होती. आसपासच्या बाराशेहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. आज मोकळ्या जागेत सुटे कंटेनर ठेवतात ते यासाठीच. म्हणून जुन्या गोदामात किंवा बंद कारखान्याच्या शेडमध्ये बॅटरी बसवण्याचा प्रस्ताव कोणी आणला तर ग्रामसभेने तो तिथेच नाकारावा.

दिलासा देणारी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेतल्या इलेक्ट्रिक पॉवर रिसर्च इन्स्टिट्यूटच्या नोंदींनुसार, बसवलेल्या क्षमतेच्या तुलनेत अशा अपघातांचे प्रमाण २०१८ ते २०२३ या काळात ९७ टक्क्यांनी घटले. त्याच नोंदींतून आणखी एक गोष्ट कळते. बहुतेक अपघात पहिल्या दोन वर्षांत होतात, आणि त्यांचे मूळ सेलपेक्षा जोडणी, बांधणी, केबल, शीतकरण आणि नियंत्रण यांत जास्त वेळा सापडते. याचा अर्थ असा की कारखान्यातला सेल कितीही चांगला असला तरी जागेवरचे काम कच्चे असेल तर उपयोग नाही. आणि जागेवरचे काम कच्चे करायला कोकणाइतकी कठीण हवा देशात थोड्याच ठिकाणी मिळेल.

दक्षिण कोरियात २०१९ च्या मध्यापर्यंत अशा २३ आगी लागल्या. तिथल्या सरकारी चौकशीत जी कारणे निघाली त्यांत एक होते डोंगराळ आणि किनारी भागातली ओल, धूळ आणि दवामुळे बॅटरीच्या आत साचणारे पाणी. हे वाचताना कोणाही कोकणी माणसाला आपला जुलै आठवेल. बाहेर ३० अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर २८ अंशांच्या खाली असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर दव धरते. कंटेनरातल्या थंड पाण्याच्या नळ्या २० अंशांच्या आसपास असतात. पावसाळ्यात देखभालीसाठी दार उघडले की दमट हवा आत जाते आणि त्या नळ्यांना, थंड पट्ट्यांना, वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांच्या, म्हणजे बसबारच्या आधारांना घाम फुटतो. हे पाणी स्वच्छ असते तर एक वेळ चालले असते. पण किनाऱ्यापासून काही किलोमीटरच्या आत हवेत मीठ असते, ते धुळीबरोबर आत जाऊन बसलेले असते, आणि दव पडले की त्याचे वीजवाहक पाणी होते. मग १३०० व्होल्टच्या टोकाकडून लोखंडी सांगाड्याकडे बारीक गळती सुरू होते. आधी तपकिरी रेघ, मग काळी, आणि एक दिवस ठिणगी.

ही गळती आधी पकडता येते. प्रत्येक रॅकच्या इन्सुलेशनवर लक्ष ठेवणारे यंत्र असते. इन्सुलेशनच्या रोधाचा आकडा ठरावीक मर्यादेच्या खाली गेल्यावरच त्याचा इशारा वाजतो, पण त्याआधी कित्येक दिवस ते चित्र सांगत असते. रोज पहाटे आकडा खाली येतो आणि दुपारी पुन्हा वर जातो, असा आलेख दिसला की आत ओल शिरते आहे हे निश्चित समजावे. अशा वेळी चुकीचा उपाय ठरलेला आहे: सारखा इशारा वाजून प्रकल्प बंद पडतो, दंड बसतो, म्हणून कोणीतरी इशाऱ्याची मर्यादाच खाली आणून ठेवतो. ही मर्यादा बदलण्याचा अधिकार जागेवरच्या माणसाकडे असू नये, आणि बदलल्यास त्याची नोंद महावितरणकडे आपोआप जावी, असे करारातच लिहायला हवे.

उपाय अवघड नाहीत, फक्त आधी ठरवावे लागतात. दार उघडण्यापूर्वी शीतकरण थांबवून आतले तापमान बाहेरच्या दवबिंदूच्या वर येऊ द्यायचे. कंटेनरापुढे दार पूर्ण उघडूनही पाऊस आत येणार नाही इतकी पुढे आलेली शेड बांधायची. आर्द्रता शोषणारे यंत्र अखंड चालू ठेवायचे आणि त्याची निचरा नळी तुंबत नाही हे दर आठवड्याला पाहायचे. सांगाड्याचा रंग आयएसओ १२९४४ या मानकातल्या सी-५ वर्गाचा, म्हणजे किनारी हवेसाठीचा मागायचा. स्क्रू-बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे हवेत. ३०४ इथे तांबूस पडतो हे जेट्टीवर काम करणाऱ्याला विचारा. केबल आत येण्याच्या भोकांना केबलला घट्ट आवळणारे पक्के ग्लँड हवेत, नुसता फोम नको. फोम उंदीर कुरतडतात आणि त्यामागून पाली येतात.

सर्वांत जास्त नुकसान मात्र बॅटरी चालू होण्याआधीच होते. कंटेनर न्हावा-शेवा बंदरातून महामार्गाने येतो, एप्रिल-मे मध्ये पायावर ठेवला जातो, आणि त्याच्या आतली यंत्रे चालवायला लागणारी मदतीची वीजजोडणी अजून झालेली नसते. मग तो पूर्ण पावसाळा बंद पडून राहतो: आर्द्रता यंत्र बंद, निरीक्षण बंद, सेलचे तापमान कोणालाच माहीत नाही. मदतीची वीज आणि दूरनिरीक्षण चालू असल्याशिवाय कंटेनर ट्रेलरवरून उतरवायचाच नाही, ही अट मला सर्व अटींत पहिली वाटते. ऑस्ट्रेलियात जीलाँगजवळ ३० जुलै २०२१ रोजी असेच घडले. चाचणीच्या काळात एक युनिट किल्लीने बंद करून ठेवले होते, म्हणून त्याचे निरीक्षण आणि काही संरक्षणेही बंद होती. आत शीतद्रव गळला, शॉर्ट झाला, आग लागली आणि जोराच्या वाऱ्याने ज्वाळा शेजारच्या युनिटच्या छतावर नेल्या. तिथली दाब सोडणारी प्लॅस्टिकची झाकणे वितळली आणि दुसरे युनिटही गेले.

वाऱ्याचा हा मुद्दा आपल्या सड्यांना थेट लागू आहे. अमेरिकेच्या एनएफपीए ८५५ या अग्निसुरक्षा मानकात उघड्यावरच्या बॅटरीपासून हद्द, रस्ता आणि इमारती साधारण ३ मीटर दूर ठेवायला सांगितले आहे, आणि वाळलेले गवतही तेवढेच दूर. सड्यावर मार्च-एप्रिलमध्ये वणवा पेटतो तेव्हा वाऱ्याबरोबर ठिणग्या किती लांब उडतात हे आंबा-काजूच्या बागायतदाराला सांगायला नको. माझ्या मते कुंपणाबाहेर किमान पंधरा मीटरचा पट्टा गवतमुक्त हवा, तो दर वर्षी दिवाळीनंतर साफ व्हायला हवा, आणि हे काम ज्याच्या नावावर आहे त्याचे नाव ग्रामपंचायतीत लावलेले हवे. कंटेनरांमधले अंतर किती, याचे उत्तर विक्रेत्याच्या माहितीपत्रकातून घेऊ नये. बिघडलेल्या सेलमधून आग कशी पसरते हे तपासणाऱ्या यूएल ९५४०ए चाचणीचा अहवाल आणि पूर्ण कंटेनर जाळून केलेल्या चाचणीचा अहवाल मागावा, आणि त्यातला वाऱ्याचा वेग आपल्या जागेच्या वेगाशी ताडून पाहावा. एक कंटेनर पूर्ण जळून गेला, कोणी थेंबभर पाणी मारले नाही, तरी शेजारचा पेटता कामा नये. मांडणी या कसोटीवर उतरली पाहिजे.

कारण पाण्याची गोष्ट इथे फार अवघड आहे. दोन नोझलनी मिनिटाला प्रत्येकी हजार लिटर, असे चार तास शेजारचे कंटेनर थंड ठेवायचे तर ४ लाख ८० हजार लिटर पाणी लागते. तालुक्याच्या बंबात साधारण साडेचार हजार लिटर मावतात, म्हणजे एका नोझलला पाच मिनिटेसुद्धा पुरत नाहीत. आणि ज्या सड्यावर मे महिन्यात पिण्याच्या पाण्याचा टँकर येतो, तिथे बंब पुन्हा भरणार कुठे? म्हणून २० बाय ८ मीटरची, ३ मीटर खोल टाकी प्रकल्पाच्या खर्चात बांधून घ्यावी. पावसाळ्यात ती आपोआप भरते. उन्हाळ्यात ती गावाला देऊन टाकायचा मोह होईल, तो टाळायला पातळी दाखवणारा काटा कुंपणाबाहेरून दिसेल असा लावावा.

मारलेले पाणी जाते कुठे, हाही प्रश्न आहे. जळालेल्या सेलमधून फ्लोराइडची संयुगे आणि धातू त्या पाण्यात उतरतात. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेले पाणी पायथ्याच्या झऱ्यांत आणि विहिरींत उतरते, यावरच तर आपली गावे वसली आहेत. म्हणून कंटेनरांभोवतीचे पाणी प्लॅस्टिकचे अस्तर लावलेल्या तळ्यात जमले पाहिजे. पण तीन हजार मिलिमीटर पावसात ते तळे पहिल्या आठवड्यातच तुडुंब भरेल. त्यासाठी बाहेर जाणाऱ्या नळाला झडप हवी: एरवी उघडी, आगीचा इशारा येताच आपोआप बंद, आणि वीज नसली तरी बंद होणारी. ही झडप वर्षातून दोनदा चालवून पाहिली नाही तर गंजून उघडीच अडकेल, आणि मग नको ते पाणी वहाळात जाईल.

कातळात खोदलेले केबलचे चरही असेच. जांभ्यात खणलेला चर पावसाळ्यात हौद होतो. पाणी केबलच्या नळीतून थेट कंटेनरात चढते, आणि बीजिंगसारख्या प्रसंगी त्याच नळीतून वायू जातो. प्रत्येक नळीचे तोंड दोन्ही टोकांना बुजवलेले हवे आणि केबल शक्यतो जमिनीवरच्या ट्रेमधून न्यावी. अर्थिंगचेही बघावे लागेल. उन्हाळ्यात कोरड्या कातळाचा रोध इतका वाढतो की दोन-चार साधे खड्डे काही कामाचे नाहीत. खोल बोअर घेऊन, मे महिन्याच्या शेवटी मोजून घेतलेला आकडाच ग्राह्य धरावा. वळवाच्या विजा तेव्हाच पडतात. जागा निवडताना कातळशिल्पांचे सर्वेक्षण आधी व्हावे, हे वेगळे सांगायला नको. खाडीकाठची सपाट जागा स्वस्त मिळते म्हणून घेणाऱ्यांनी २२ जुलै २०२१ ची चिपळूणमधली पाण्याची रेषा पाहून पायाची उंची ठरवावी. आणि चाळीस टनांचा ट्रेलर ज्या साकवावरून जाऊ शकत नाही, त्यावरून भरलेला बंबही जपूनच जाणार. रात्री पंख्यांचा आवाज वस्तीत किती डेसिबल पोहोचेल, हेही करारात असावे. आयुष्य संपलेल्या सेलची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकावर टाकली आहे. ते परत कोण, कशाने नेणार हे आधीच लिहून घ्यावे.

शेवटी कोकणाच्या खास गरजेविषयी. आपल्याकडच्या ३३ केव्ही वाहिन्या जंगलातून, घाटांतून लांबवर जातात आणि बहुतेक ठिकाणी दुसरी वाट नसते. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी आले, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागांत अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. अशा उपकेंद्रात १० मेगावॉट-तासांची, म्हणजे दोन कंटेनरांची बॅटरी असेल, आणि त्यावर फक्त रुग्णालय, पाणीयोजना, मोबाइल टॉवर आणि तहसील असा ५०० किलोवॉटचा भार ठेवला, तर नुकसान वजा जाता ती सोळा-सतरा तास चालते. सोबत सौर पॅनेल असतील तर ऊन पडताच पुन्हा थोडी भरते. वादळात हे फार मोलाचे आहे.

पण हे आपोआप होत नाही. लाइट गेली की छतावरचे सोलरही बंद पडते, हे अनेकांनी अनुभवले आहे. साध्या निविदेतल्या बॅटरीचा इन्व्हर्टरही तसाच, जाळ्यामागे चालणारा असतो. जाळे मेले की तोही थांबतो. स्वतः ५० हर्ट्झची लय उभी करणारा, काळोखातून सुरू होऊ शकणारा इन्व्हर्टर वेगळा मागावा लागतो, आणि तो नंतर बसवण्यापेक्षा आधीच घेणे स्वस्त. दुसरी अडचण वेळेची. रोज संध्याकाळी वीज विकणारी बॅटरी रात्री दहाला रिकामी असते. हवामान खाते चक्रीवादळाचा इशारा किमान ४८ तास आधी देते. तो आला की वीजविक्री थांबवून बॅटरी ९० टक्क्यांवर भरून ठेवायची आणि बुडालेल्या विक्रीची भरपाई कोणी द्यायची, हे करारात नसेल तर ऐन वेळी कोणी भरणार नाही. पूर्ण शंभर टक्के भरून ठेवणे टाळावे. कोरियाने आगींनंतर भरणीवर मर्यादा घातली ती विचार करूनच.

तिसरी अडचण मला सर्वांत गंभीर वाटते. जाळ्यावर तार तुटून जमिनीवर पडली की मोठा दोषप्रवाह वाहतो आणि ब्रेकर उडतो. बॅटरीचा इन्व्हर्टर स्वतःच्या क्षमतेच्या सव्वा-दीडपटच प्रवाह देऊ शकतो. दोष ओळखून ब्रेकर उडवणारा रिले जुन्याच सेटिंगवर असेल तर तो प्रवाह ओळखणार नाही, आणि भातखाचरात पडलेली तार जिवंत राहील. म्हणून जाळ्यापासून तुटून बेटासारखे चालताना रिलेचे सेटिंग आपोआप बदलले पाहिजे आणि हा अत्यावश्यक फीडर शक्यतो भूमिगत केबलचा हवा. वादळानंतर दुरुस्तीला बाहेरगावची पथके येतात. मुख्य वाहिनी बंद आहे म्हणजे सगळे बंद आहे, असे समजून वायरमन खांबावर चढतो. बॅटरी असलेल्या उपकेंद्रात त्याला कामाचे परमिट देताना बॅटरीचा आयसोलेटर, म्हणजे तिला वाहिनीपासून तोडणारा स्विच, डोळ्यांनी उघडा दिसला पाहिजे, त्याला कुलूप लागले पाहिजे, किल्ली परमिट घेणाऱ्याच्या खिशात गेली पाहिजे, आणि कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग रॉड लागले पाहिजेत. उपकेंद्राच्या फाटकावर आणि त्या फीडरच्या प्रत्येक डीपीवर ‘दोन्ही बाजूंनी वीज’ अशी पाटी हवी.

महावितरण, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, नगर परिषदेचे अग्निशमन दल आणि प्रकल्पाचा चालक या चौघांनी मिळून दर वर्षी १५ मेपर्यंत दोन सराव करावेत: एक कंटेनर पेटल्याचा, ज्यात दार कोणी उघडायचे नाही आणि वाऱ्याच्या दिशेची घरे आधी रिकामी करायची, दुसरा वाहिनी तुटल्याचा, ज्यात बॅटरीवर रुग्णालय प्रत्यक्ष तासभर चालवून दाखवायचे. दोन्ही सरावांचा अहवाल तालुक्याच्या ठिकाणी सर्वांना वाचायला मिळावा, आणि ज्या वर्षी सराव झाला नाही त्या वर्षी चालकाला द्यायचे क्षमता शुल्क अडवून ठेवावे. मसुदा अवस्थेतल्या निविदांत ही अट आजही घालता येईल.

आपला,
एक निवृत्त विद्युत अभियंता
रत्नागिरी